चक्रावरची खूण

सकाळचे दहा वाजले होते आणि मी शेडमध्ये गाडीशेजारी गुडघे टेकून बसलो होतो. फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, गौतमभाऊ. चार महिने त्या नावाने फोन वाजला नव्हता, कारण चार महिने गौतमभाऊंना बोलताच येत नव्हतं. त्याआधी मात्र तो रोज याच वेळी वाजायचा, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता पलीकडून थेट प्रश्न यायचा, "दाबलं का, सर?" त्यामुळे एक क्षण, अगदी एकच क्षण, मला वाटलं की भाऊंना वाचा आली... मी तेलकट बोटांनीच फोन उचलला आणि म्हणालो, "दाबतोय, भाऊ." पलीकडे त्यांच्या पत्नी होत्या, सुमनवहिनी. म्हणाल्या, "सर, ह्ये गेलं." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं." पस्तीस वर्षं लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवत बडबड करून पोट भरलेला माणूस मी, पण त्या वेळी माझ्या तोंडातून एवढाच शब्द निघाला. त्याची मला अजून लाज वाटते.

गौतमभाऊ टाकवे बुद्रुकचे. कामशेतला जुन्या रस्त्याच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक फळी आणि हत्यारांची लाकडी पेटी. नव्या गाड्यांच्या वाटेला ते फारसे जात नसत. त्यांचं नाव होतं ते जाम झालेलं सोडवण्यासाठी. मळवलीपासून पवनेकडच्या बंगल्यांपर्यंत कुणाची जुनी हौसेची गाडी वर्षानुवर्षं उभी राहून गंजली, नट हलेना, ब्रेक सुटेना, इंजिन फिरेना, की बंगल्याचा राखणदार शेवटी मालकाला सांगायचा, गौतमभाऊंना बोलवा. मोठमोठ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेली कामं त्यांच्याकडे यायची. कामाला किती दिवस लागतील हे मात्र ते कुणालाच सांगत नसत. मालक चिडले तरी हे आपले शांत. "त्याला सुटू द्या की," म्हणायचे.

माझी गाडी म्हणजे खरं तर माझ्या वडिलांची. लोणावळ्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं. एक पारशी गिऱ्हाईक बंगला विकून कायमचं निघालं, तेव्हा वडिलांनी त्यांची ही करड्या रंगाची, गोल दिव्यांची गाडी हट्टाने घेतली. आई म्हणाली होती, दुकानाच्या फळ्या मोडक्या आणि यांना मोटार. वडील असेपर्यंत ती चालली. ते गेले आणि मी ती घरामागच्या शेडमध्ये लावली, म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना बारा वर्षांनी आला. लोणावळ्यासारख्या, वर्षातले चार महिने ढगात राहणाऱ्या गावात बारा वर्षं उभ्या राहिलेल्या लोखंडाचं काय होतं ते मी सांगायला नको. निवृत्त झालो, हातात वेळ आला, आणि मला वडिलांची आठवण अचानक मोठ्या जोराने येऊ लागली. मी बाजारातून पान्यांचा संच आणला. स्वभाव माझा मुळातच उतावळा. चाकाचा एक नट हलेना तेव्हा मी पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर अक्षरशः उभा राहिलो. कट्कन आवाज झाला. नट सुटला नव्हता, तो ज्या दांड्यावर बसतो तो दांडाच मुळापासून तुटून माझ्यासकट खाली आला होता.

तेव्हा भाऊंना बोलावलं. ते आले, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. तुटलेला दांडा हातात घेऊन त्यांनी तो आजारी माणसाची नाडी बघावी तसा बराच वेळ पाहिला.

"कोनी तोडला?"

"मीच."

"किती येळ दिलाता त्याला?"

"दहा-एक मिनिटं असतील."

"बारा वर्सं बसलाय त्यो हितं. त्याला धा मिन्टं?" मग माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. "शाळंत बी असंच व्हतं का, सर? पोराला धा मिन्टात गनित आलं न्हाई की तोडला?"

मला राग आला होता. खरंच आला होता, कारण शाळेत अगदी तसंच होतं. पण त्यांनी पेटी उघडली आणि उरलेल्या नटांना हात घातला, तेव्हा मी राग विसरून बघत बसलो. त्यांनी आधी नटाभोवती लहान हातोडीने हलकेच टकटक केली, कान देऊन. मग छोट्या ज्योतीने नट तापवला आणि खिशातून मेणबत्तीचा एक तुकडा काढून त्या गरम नटाला टेकवला. मेण वितळून आट्यांमध्ये आत शिरलं. तो तुकडा गावच्या विहारातला होता. रविवारी वंदना झाली की जळून उरलेले तुकडे भाऊ गोळा करून आणायचे, पेटीत त्यांची एक वेगळी डबी होती. मग पाना लावला आणि नट चक्क आणखी आवळला. मी ओरडलोच, "अहो उलटं!" ते म्हणाले, "आदी जरा आवळायचा. बसल्या जागी त्याला हालू द्यायचं. मंग सोडायचा." आणि नट सुटला. किंचित कुरकुरला आणि सुटला... मी बाकीचे नट मोजत तिथेच बसलो, आणि त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

चाकं सुटली, ब्रेक सुटले, दारंही सुटली. इंजिन मात्र अडून बसलं. चार पिस्टन गंजून आपापल्या नळकांड्यात घट्ट बसले होते. दुसऱ्या कुणीही इंजिन उतरवून घण घातला असता. भाऊंनी चारही प्लग काढले, डिझेल, पातळ तेल आणि थिनर असं त्यांचं स्वतःचं मिश्रण एका औषधाच्या बाटलीत भरलं, आणि डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरने चारही भोकांत थेंब थेंब सोडलं. इंजिनाच्या मागे एक जड दातेरी चक्र असतं. ते फिरलं की पिस्टन हलतात. भाऊंनी बाजूचं झाकण काढून त्या चक्राच्या दातात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, अडकवायला मला शिकवलं. चक्रावर खिळ्याने एक बारीक ओरखडा काढला आणि अगदी त्याच्यासमोर कडेच्या लोखंडावर दुसरा. दोन खुणा समोरासमोर. रोज सकाळी दहा वाजता थेंब सोडायचे, टॉमी एका बाजूला दाबायचा, सोडायचा, मग दुसऱ्या बाजूला दाबायचा, सोडायचा. जोर किती, तर दळणाचा डबा उचलतो तेवढाच. खुणा हलल्या का बघायचं. हलल्या नाहीत तर झाकण ठेवून चहा प्यायला जायचं. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी फोन. "दाबलं का, सर?" "दाबलं." "बगा, उद्या बगा." एवढंच संभाषण. माझी बायको म्हणायची, इतक्या नेमाने तुम्ही कधी देवाला फूल नाही वाहिलं.

असं दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं. मी मधूनमधून वैतागायचो, पण भाऊंची भीड पडायची. आणि एके दिवशी खूण सरकली! किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी. मी अक्षरशः नाचलो. आणि मग माझ्यातला तो जुना माणूस उठला. सुटतंय म्हटल्यावर थांबायचं कशाला? मी टॉमीवर सगळं अंग टाकलं. चक्र कुरकुरत दोन बोटं पुढं गेलं, आणि जे अडकलं ते अडकलंच. ना पुढे ना मागे. भाऊ दुपारी आले. त्यांनी टॉमी लावून पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेटीवर बसून राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हाललं की हरखायचं न्हाई, सर. हाललं तेवढं आदी मागं आनायचं. जिथनं निगालं तिथवर. म्हंजी सुटल्याला गंज त्येलात मिसळतो. मंग फुडं. मंग परत मागं. तुमी समदा गंज फुडं ढकलून त्याचीच पाचर मारली." मी म्हटलं, "मग आता?" ते म्हणाले, "आता काय... परत पयल्यापास्नं." आणि त्यांनी खिशातून खिळा काढून नव्या जागी नव्या खुणा केल्या. मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दहाला फोन आलाच, "दाबलं का, सर?"

आणि मग मे महिन्याच्या आसपास एक दिवस फोन आला नाही. सकाळी चहा पिताना बशी त्यांच्या उजव्या हातातून पडली, आणि वहिनी काय झालं म्हणेपर्यंत भाऊ कलंडले होते. पक्षाघात. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती, उजव्या हाताची मूठ आवळून बसली होती, आणि वाचा... वाचेचं फार विचित्र झालं होतं. सगळे शब्द गेले आणि एक राहिला. व्हय. भूक लागली का, व्हय. पाणी हवंय का, व्हय. दुखतंय का, व्हय. पाणी तोंडाशी नेलं की मान फिरवायचे, म्हणजे नको असायचं, पण तोंडातून यायचं व्हयच. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं. डोळ्यांत दिसायचं ते. आयुष्यभर मोजकं बोललेल्या माणसाला नाही म्हणायचीही सोय उरली नाही, याइतकं असहाय दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

मी एक दिवसाआड जायला लागलो. लोकलने कान्हे, तिथून टमटमने टाकवे. दुसरं मला काय करता येण्यासारखं होतं? व्यायाम शिकवणारी एक मुलगी वडगावहून आठवड्यातून दोनदा यायची. तिने मला मूठ उघडायला शिकवलं. बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट आतल्या बाजूला थोडं आणखी वाकवायचं, मग अंगठ्यापासून हळूहळू सुरुवात करायची, कोमट पाण्याचा शेक देत. ती "आधी थोडं आणखी वाकवा" म्हणाली तेव्हा मी भाऊंकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांची मिशी एका बाजूने हलली. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो होतो. त्या चार महिन्यांतलं ते एकच हसू. माणूस म्हणजे लोखंड नव्हे, हे मला कळतं. पण माझ्यापाशी शिकलेलं दुसरं काही नव्हतं.

तो हात माझ्या ओळखीचा होता. अंगठ्याच्या नखाखाली कायमचा काळा झालेला, तर्जनीवर जुना भाजल्याचा डाग. रोज जो हात मला सांगायचा, जोर नको, तोच आता माझ्या हातात होता. मी थेंबाथेंबाने काम केलं. खरंच सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्याही गोष्टीला घाई केली नाही. अंगठा सुटला, मग करंगळी सैल पडली. पण ती सगळी मी उघडलेली बोटं, त्यांनी स्वतः हलवलेलं काहीच नाही. वहिनी तांदूळ निवडत बसायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "गाडी बी अशीच करताव का वो तुमी?" मी म्हटलं, "गाडी यांनी मला अशी करायला लावली."

आणि एका सोमवारी, मी हात पुसत असताना, तर्जनी हलली. मी हलवली नव्हती. ती आपणहून वर उचलली गेली आणि परत टेकली. किती, तर... तांदळाच्या दाण्याएवढीच. मी ओरडलो. वहिनींना बोलावलं. त्यांच्या मुलीला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. शेजारची दोन माणसं आली. "भाऊ, परत करा!" त्यांनी परत केलं. "परत!" परत. मुलगी तिकडे रडत होती, मी इकडे टाळ्या वाजवत होतो. सात-आठ वेळा करायला लावलं मी. त्यांच्या कपाळावर घाम आला, कानशिलाची शीर फुगली. मी विचारलं, "दमलात का, भाऊ?" म्हणाले, "व्हय." मी विचारलं, "अजून एकदा करायचं?" म्हणाले, "व्हय." आणि मी त्यातला मला हवा तो व्हय घेतला.

गुरुवारी सकाळी दहाला तो फोन आला. पहाटे दुसरा झटका आला होता, दवाखान्यात न्यायला निघालेली गाडी कान्ह्यापर्यंत पोचेतो सगळं संपलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. ते म्हणाले, अहो बोट हलवल्याने असं काही होत नसतं, रक्तदाब होता, वय होतं, उलट तुम्ही फार केलंत त्यांच्यासाठी. मला ते पटतं. दिवसा पटतं, चारचौघांत पटतं. पण शेडमध्ये त्या चक्रासमोर बसलो की पटत नाही. मला एकाच माणसाने एकच गोष्ट समोर बसवून शिकवली होती, हललं की हरखायचं नाही. आणि मी त्याच माणसाच्या बाबतीत हरखलो. डॉक्टर बरोबर असतील, तरी मी तिथे थांबलो नाही हे काही खोटं होत नाही. ज्याला हे विचारायचं तो माणूस नाही, आणि असता तरी व्हयच म्हणाला असता.

टाकव्याच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हार घातलेला फोटो, फोटोत तोच दुमडलेल्या बाह्यांचा शर्ट. बुद्धवंदना झाली. दोन-तीन बंगल्यांचे राखणदार उठून चार शब्द बोलले. मला बोला म्हणाले, मी मानेनेच नको म्हटलं. सगळे जेवायला बसल्यावर वहिनींना एका बाजूला घेतलं आणि जे पोटात होतं ते सांगून टाकलं. "वहिनी, त्या सोमवारी मी फार केलं. त्यांना दमवलं." मला वाटलं होतं त्या म्हणतील, नाही हो सर, तसलं काही मनात आणू नका. लोक म्हणतात ना तसं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला काय ठावं, सर. त्ये तर व्हयच म्हनत व्हते." त्यात राग नव्हता आणि क्षमाही नव्हती. त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच. मग त्या फोटोपुढे गेल्या, विझलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे उचलले, एका वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. "ह्ये न्यायचे की गाडीला," म्हणाल्या.

ती पुडी शेडमध्ये फळीवर आहे. मी ती सोडलेली नाही. दहाचा नेम मात्र चालू ठेवला, का ते विचारू नका. वडिलांसाठी म्हणावं तर वडील या सगळ्यात कधीच मागे पडले. थेंब सोडायचे, दाबायचं, सोडायचं, उलटं दाबायचं, सोडायचं, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी फोनकडे बघत बसायचं. तो वाजत नाही हे माहीत असताना बघायचं. बायको चहा घेऊन शेडच्या दारापर्यंत येते आणि कप ठेवून जाते.

गेल्या आठवड्यात खूण सरकली.

मला आधी वाटलं, चष्मा सरकला. खाली वाकून बघितलं. दोन ओरखडे समोरासमोर नव्हते, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. माझा हात टॉमीवर होता आणि अंगात ते जुनं वारं भरू लागलं होतं, ते मला स्पष्ट कळत होतं. मी हात काढून घेतला. फोन उचलला आणि विचार न करता ते नाव दाबलं, गौतमभाऊ. रिंग वाजायला लागल्यावर भानावर आलो, पण तोवर वहिनींनी उचलला होता.

"बोला, सर."

"वहिनी..." मी परत खुणेकडे बघितलं. "हललं."

पलीकडे लांब कुठेतरी कोंबडा ओरडला. मग त्या म्हणाल्या, "लय फुडं न्हेलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"मंग मागं आना."

मी फोन तसाच जमिनीवर ठेवला, टॉमी दुसऱ्या बाजूला लावला आणि दळणाच्या डब्याएवढाच जोर देऊन चक्र मागे आणलं. खूण निघाली होती तिथे परत आली. गाडीचं तेवढं तरी करता येत होतं.